वीसपर्यंत

सगळे हसले म्हणून तोही हसला. हसू ओठांवर असतानाच आत काहीतरी चुकलं. जिना संपलाय हे न कळून आणखी एका पायरीसाठी पाऊल टाकावं, तसं. उंच बाई सांगत होत्या, "मग ती मुलगी मला म्हणते, बाई, तुम्ही बऱ्या. तुम्ही दहापर्यंतच थांबता. माझा बाबा तर वीसपर्यंत थांबतो." चित्रकलेचे सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "कोण हो हा महापुरुष? पुढच्या वेळी त्यालाच बोलवा इथे." पुन्हा हशा. तिसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीशी आणून बसलेली ती दहा-बारा मोठी माणसं हसताना हलली, तशी बाकं करकरली. त्याच्या हातात चहाचा कागदी कप होता. कप बोटांना चटके देत होता आणि तो खाली ठेवला तरी चालतो, हे त्याला सुचत नव्हतं.

वीसपर्यंत थांबणारे बाप काय थोडे असतील, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. एवढं मोठं शहर, इतक्या शाळा, त्यांत इतकी पोरं. शिवाय ही थांबण्याची साथ पसरवली कुणी? त्यानेच. या शनिवारच्या जमण्याला कुणी कधी नाव दिलं नव्हतं. 'येणार ना शनिवारी', एवढंच एकमेकांना विचारायचे. इथे पाहुणे नसत, व्यासपीठ नसे, वरून आलेलं पत्रक नसे. सकाळी कुणीतरी फळ्यावर रिकामे चौकोन आखायचं, आडवे तास, उभ्या खोल्या, आणि मग ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल त्याने खडू घेऊन एका चौकोनात ते लिहायचं. कुणी अपूर्णांक शिकवायला दोऱ्या आणायचं, कुणी बाटल्यांची झाकणं, कुणी कविता पाठ करून घेण्याची युक्ती. कंटाळा आला तर उठून दुसऱ्या खोलीत जावं, सांगणाऱ्याने राग मानू नये. वेळ संपली की चित्रकलेचे सर सायकलची सुटी घंटी वाजवत. दिवसभर दुसऱ्यांना गप्प बसवणारी ही माणसं इथे येऊन मनसोक्त बोलत. बोलायला मिळतं म्हणूनच निम्मे येतात, असं चित्रकलेचे सरच म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. आडनावं इथे कुणी लावत नसे, शाळा सांगत नसे. छातीवर टाचणीने कागद लावलेला, त्यावर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्याच्या कागदावर आज दुसऱ्याच कुणीतरी गंमत म्हणून लिहून टाकलं होतं: थांबेसर.

हे नाव त्याला इथेच पडलं. काही वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याकडे ना दोऱ्या होत्या, ना झाकणं. रिकाम्या हाताने उभा राहून तो म्हणाला होता, "मी काही करत नाही. प्रश्न विचारतो आणि थांबतो. मनात दहा मोजतो. तोवर बोलत नाही, भुवई हलवत नाही, दुसऱ्या पोराकडे वळत नाही." लोक हसले. मग त्याने त्यांच्यातल्याच एका विज्ञानाच्या बाईंना सोपा प्रश्न विचारला आणि थांबला, आणि खोलीत अशी शांतता पसरली की बाहेर नळ ठिबकत होता तो ऐकू आला. बाईंनी आधी एक उत्तर दिलं, मग ते मागे घेतलं, मग फार चांगलं उत्तर दिलं, आणि स्वतःच थक्क झाल्या. आपण कधीच थांबत नाही, असं त्या दिवशी एकेकाने कबूल केलं. मग ते या शाळेतून त्या शाळेत गेलं. आता अनोळखी माणसं येऊन त्याला सांगत, सर, आमच्याकडे सगळे थांबतात. शिपाईसुद्धा थांबतो, म्हटलं पाणी आण तर दहा मोजून मग उठतो. यावर हसून झालं की त्याला मनातून फार बरं वाटायचं. आयुष्यात एक गोष्ट तरी आपण जगाला दिली, आणि तीही पदरमोड न करता.

"कशावरून मोजते म्हणता?" विज्ञानाच्या बाई विचारत होत्या. मांडणाऱ्याचं सांगून होईपर्यंत मध्ये प्रश्न विचारायचा नाही असा इथला नियम होता, पण विज्ञानाच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि नियम त्यांना लागू नव्हते. उंच बाई म्हणाल्या, "तेच सांगते. बोटं मोडत नाही हो ती. मला वाटायचं विचार करतेय. थांबले की तिचा गाल हलायचा, असा आतून. मी खूश. म्हटलं, बघा, डोकं चालू झालं. एकदा जवळ बसवून विचारलं, तर म्हणते, बाई, मी दातांवरून जीभ फिरवते. एकेक दात. दहा दात झाले की तुम्ही बोलता. म्हणजे गणिताकडे तिचं लक्षच नाही. ती माझी सुटका होण्याची वाट बघतेय. माझी म्हणजे, तिची."

त्याने कप बाकाच्या कडेला ठेवला. आता शंकेला जागाच उरली नव्हती. तो गाल त्याने रोज पाहिला होता. जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळी, टेबल पुसून बायकोने दिवा ओढून खाली घेतला की त्याची मुलगी, मुंगी, वही घेऊन समोर बसायची, आणि तो विचारायचा, बावन्नातून सतरा, सांग बघू, आणि थांबायचा. गाल हलायचा. त्याला तो गाल इतका आवडायचा. शिक्षकांच्या खोलीत त्याने त्याचं कौतुकही केलं होतं, आमची कन्यका विचार करायला लागली की उजवा गाल असा आत-बाहेर होतो, लहान बाळ दूध पिताना होतो ना, तसा. परक्या पोरांना दहा, तर आपल्या पोरीला वीस, असं त्याने कधी ठरवलं ते त्याला आठवत नव्हतं; बहुधा पहिली-दुसरीतच, दहा झाले तरी उत्तर आलं नाही तेव्हा. माया दुसऱ्या कशाने मोजणार? वेळ तर आहे ना आपल्याकडे. आणि ती बापडी त्या वेळात खालचे दात संपवून वरच्या दातांवर जात होती.

मुंगी हे नाव त्याच्या आईने ठेवलेलं. ही पोर चालायला लागली तीच भिंतीच्या कडेने, आवाज न करता. कुठून येते, कुठे जाते, पत्ता लागत नाही, मुंगी आहे नुसती, आई म्हणायची. हट्ट नाही, रडणं नाही. पडली तर आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघायची. असल्या मुलांचं सगळ्यांना कौतुक असतं. त्याला मात्र ती आपल्यावर गेली म्हणून काळजी वाटायची, आणि गुपचूप आनंदही व्हायचा. तोही तसाच होता. पाचवीत असताना गणिताचे मास्तर डस्टरचं टोक एकेकाकडे रोखत येत. त्याच्यावर डस्टर आला की तो उभा राहायचा, आणि उत्तर घशापर्यंत आलेलं असताना मास्तर म्हणायचे, बस खाली. बसल्याबरोबर उत्तर यायचं. दर वेळी. बाकावर बसलेला, तोंडात बरोबर उत्तर असलेला आणि तरीही ढ ठरलेला तो मुलगा त्याच्या आत कधी मोठाच झाला नाही. थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं, हा एकच प्रश्न त्याला त्या मास्तरांना विचारायचा होता. ते कधीच वारले. मग त्याने तो प्रश्न विचारायचं सोडून दिलं आणि स्वतः थांबायला शिकला. ही त्याची सगळी विद्या.

"आणि आता पोटात दुखतं म्हणते," उंच बाईंचा आवाज खाली आला होता. "गणिताच्या तासाआधी. खोटं नाही हो, घाम येतो कपाळावर. मी सहामाहीनंतर आले या वर्गावर, त्यामुळे आधीचं मला माहीत नाही. पण आमच्याकडे एक मागची खोली आहे, मागे पडलेल्या मुलांसाठी. मोठ्या बाई म्हणतात, तिला तिकडे बसवू. एकदा तिकडे गेलेलं मूल परत आलेलं मी तरी ऐकलं नाही. सोमवारी मला हो किंवा नाही सांगायचंय. मी काय सांगू?" एवढं बोलून त्यांनी पेन उघडलं. आता नियमाप्रमाणे त्यांनी गप्प बसायचं होतं, बाकीच्यांनी एकेक गोष्ट द्यायची होती, वाद न घालता ती लिहून घ्यायची होती. मागची खोली. परवा बायको म्हणाली होती, शाळेतून काहीतरी वर्ग बदलण्याचं बोलत होते, तू एकदा जाऊन ये. त्याने विचारलं होतं, तुकडी बदलतायत का? ती म्हणाली, मला नीट कळलं नाही, तू मास्तर आहेस, तुला कळेल. पालकसभा नेहमी कामाच्या दिवशी असायच्या, त्याच वेळी त्याच्याही शाळेत पालकसभा असायची, आणि तो दुसऱ्यांच्या आईबापांना समजावत बसलेला असायचा की मुलांना वेळ द्या. जाऊ, म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात जाऊ.

देणं सुरू झालं. एकाने सांगितलं, मणी द्या हातात, दहाची माळ करा, माळ तोडल्याशिवाय सुटे मणी मिळत नाहीत हे तिला हाताने कळू दे. एकीने सांगितलं, बोलक्या मुलीशेजारी बसवा. कुणी म्हणालं, दुकान-दुकान खेळा. सगळ्या चांगल्या गोष्टी होत्या, त्याने स्वतः त्यांतल्या कितीतरी वापरल्या होत्या. माळही झाली होती. मुंगीने माळा तोडण्याऐवजी रंगांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या आणि विचारलं होतं, बरोबर आहे? विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "हे सगळं राहू दे. त्या बापाला बोलवा आधी. वीसपर्यंत थांबतो म्हणजे काय! पोरगी आहे की भात शिजायला टाकलाय?" उंच बाईंना राहवलं नाही. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "आईच येते नेहमी. बाप कधी दिसला नाही. आई म्हणत होती, तोही शिक्षकच आहे कुठेतरी." "मग झालंच," चित्रकलेचे सर म्हणाले, "दिव्याखाली अंधार." या वेळचा हशा आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा होता, कारण त्यात प्रत्येकजण थोडा थोडा स्वतःवर हसत होता. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एक पोर होतं, आणि ते पोर काही ना काही कारणाने बापाकडून किंवा आईकडून शिकत नव्हतं. कुणीही दुष्ट नव्हतं. तोच तर घोळ होता.

मग सगळे त्याच्याकडे वळले. पद्धत ज्याची, तो शेवटी बोलणार, हेही ठरलेलंच. उंच बाईंनी नवं पान उलटलं. त्याने तोंड उघडलं. ती माझी मुलगी आहे, एवढंच वाक्य होतं. शब्दही सोपे होते. ते त्याच्या जिभेवर आले, आणि तो त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तरुण, दमलेला, विश्वास टाकणारा चेहरा. आता मी हे म्हणालो की हा चेहरा आधी पांढरा पडेल, मग लाल होईल. 'दिव्याखाली अंधार' म्हणणारे सर पाणी पाणी होतील. माझं काय होईल? माझं व्हायचं ते होऊ दे. पण पुढचा प्रश्न येईल, मग सर, तुम्ही घरी काय करता? आणि त्याचं उत्तर? मी थांबतो. आणखी काय करता? आणखी थांबतो. त्याच्या डोक्यात शब्द एकमेकांवर आपटू लागले. कुठला आधी बोलावा, कळेना. आणि तो बोलत नाहीये हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं.

कुणी घाई केली नाही. कुणी खाकरलं नाही. शेजारच्या खोलीतून कुणाच्या तरी गाण्याच्या युक्तीवर टाळ्या पडत होत्या, त्या संपल्या. मागच्या बाकावर एकजण दुसऱ्याच्या कानात पुटपुटला, "बघ, बघ आता." आणि त्याला कळलं की यांना वाटतंय, सर करून दाखवतायत. सगळे चेहरे त्याच्याकडे लागले होते, आणि सगळे दयाळू होते. भुवई कुणाची हलत नव्हती. विज्ञानाच्या बाईसुद्धा हात बांधून, मान किंचित कलती करून थांबल्या होत्या, अगदी त्याने शिकवलं होतं तसं. कुणीतरी ओरडावं, असं त्याला वाटलं. बस खाली म्हणावं. मास्तर ओरडायचे तेव्हा निदान मास्तरांचा राग तरी करता यायचा. बसल्यावर मनातल्या मनात त्यांना शिव्या देता यायच्या. या शांततेत कुणाचा राग करायचा? ती त्याला देऊ केलेली होती, भेट म्हणून. ती परत करता येत नव्हती. जितके ते जास्त थांबत होते तितकं त्याच्याकडून जास्त काहीतरी मागत होते, आणि तितकंच त्याच्यातून जे होतं नव्हतं ते आटत चाललं होतं. आधी एक वाक्य होतं, मग नुसता 'ती' राहिला, मग तोही गेला. टेबलाच्या पलीकडे रोज संध्याकाळी ती याच जागी बसलेली असते. बावन्नातून सतरा म्हणजे काय ते या शांततेत कुणालाच आठवणार नाही. बाप समोर बसलाय, त्याचा चेहरा प्रेमाने भरलेला आहे, आणि त्यातून बाहेर पडायला दात मोजण्याशिवाय दुसरी वाट नाही.

सायकलची घंटी वाजली. मग टाळ्या सुरू झाल्या. बाकं करकरली. चित्रकलेचे सर म्हणाले, "वा सर! बोलून शंभर जण शिकवतात, न बोलता तुम्हीच." मागच्या बाकावरच्या मुलाने, म्हणजे तो पंचविशीतला नवा शिक्षक होता, उठून त्याचा हात हातात घेतला. हात ओला होता, पण ते त्या मुलाच्या लक्षात आलं नाही. उंच बाईंनी वहीच्या नव्या पानावर काय लिहिलं ते वाकून न बघताही त्याला दिसलं, कारण त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या: अजून जास्त थांबायला हवं.

व्हरांड्यात चहाच्या दुसऱ्या फेरीला गर्दी होती. त्याने त्यांना गाठलं. खरं तर त्यांनीच त्याला गाठलं; बिस्किटाची बशी एका हातात आणि वही काखेत, अशा त्या वाट काढत आल्या. "बाई, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं," तो म्हणाला. "त्या मुलीबद्दल." त्या म्हणाल्या, "सर, आधी मला बोलू द्या, नाहीतर राहून जाईल. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा इथे आले ना, तुमच्या खोलीत मागे उभी होते. तुम्ही ते दहा मोजून दाखवलंत आणि मी बाहेर जाऊन रडले. मी लहानपणी तशीच होते. माझ्यासाठी कुणी म्हणजे कुणी थांबलं नाही. मी तर नोकरी सोडायला निघाले होते, खरंच सांगते. ही मुलगी मला माझीच वाटते हो. तिला मागच्या खोलीत टाकलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही." त्यांचे डोळे भरले होते. बिस्किटं बशीत घसरत होती. माझीच वाटते, त्या म्हणाल्या, आणि त्याला त्या परक्या बाईबद्दल इतकी माया दाटून आली आणि इतकी भीती वाटली, की आपल्या मुलीला हिच्यापासून वाचवावं की हिच्या हवाली करावं हे त्याला कळेना. दोघं मिळून तिच्यावर प्रेम करत होते. दिवसा ही, संध्याकाळी तो. मध्ये पोरीला उसंत नव्हती.

"मग सोमवारी काय सांगू, सर?"

"सोमवारी..." तो म्हणाला. मागच्या खोलीत तिला कुणी काही विचारणार नाही, पोटात दुखणार नाही, भिंतीच्या कडेने ती सुखाने चालत राहील आणि कधी परत येणार नाही. पुढच्या खोलीत ही बाई आहे. दोन्हीकडे नको म्हणावं, तर तिसरी खोली कुठे आहे? "इतक्यात काही ठरवू नका," तो म्हणाला. "थोडे दिवस... थांबा." तोंडातून दुसरा शब्दच निघाला नाही. त्या खुलल्या. "तुम्ही म्हणताय ना, मग थांबते," म्हणाल्या, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून वळल्या. ती माझी मुलगी आहे, असं तो त्यांच्या पाठीला म्हणाला. व्हरांड्यात इतका गलका होता की ते त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेला टायरवाल्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं होतं, एक बाई भाजीच्या पिशव्या या हातातून त्या हातात घेत चालली होती, सिग्नलला गाड्या उभ्या होत्या आणि पहिल्या गाडीला हिरवा दिसायच्या आत मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. जगात कुणी कुणासाठी थांबत नाही आणि जग व्यवस्थित चाललंय, असं त्याला वाटलं, आणि या वाटण्याचा त्याला राग आला. शिकवण्यात एवढी वर्षं गेली. उद्या नवी पद्धत काढता येईल. मुंगीवर कुठलीतरी नवी पद्धत. तीही चांगली असेल. बायको एकदा चिडून म्हणाली होती, "सांगून टाक ना रे तिला एकदा. एका उत्तराने काय आभाळ कोसळणार आहे?" तेव्हा त्याने तिला समजावलं होतं. फार छान समजावलं होतं, अर्धा तास. ती दवाखान्यात पेशंटच्या पाळ्या लावायचं काम करते. दिवसभर वाट बघणाऱ्या माणसांचे चेहरे तिच्यासमोर असतात. वाट बघणं काय असतं ते तिला माहीत असणार. सांगून टाक, त्याने चालता चालता मोठ्याने म्हणून पाहिलं. त्यात काहीच अवघड नव्हतं. आज घरी जायचं, आणि सांगून टाकायचं. त्याचा जीव जरा हलका झाला. घर दिसायला लागलं तेव्हा तो जवळजवळ पळत होता.

दार बायकोने उघडलं. "कसं झालं?" "चांगलं झालं," तो म्हणाला. "टाळ्या वाजवल्या." "तुझं काय बाबा, तुला टाळ्या," ती म्हणाली, आणि त्याच्या छातीवरचा कागद तिनेच टाचणी काढून उतरवला, वाचला, हसली आणि फ्रिजवर लोहचुंबकाने लावून टाकला. मुंगी टेबलाशी बसलेली होती. दिवा खाली ओढलेला होता. वही उघडी, पेन्सिल वहीच्या मधोमध, खोडरबर पेन्सिलीला अगदी समांतर. ती त्याचीच वाट बघत होती, आणि त्याला बघून हसली. पोटात दुखतं का गं, असं विचारायचं त्याच्या मनात आलं. पण मग ती नाही म्हणणार, आणि आपण नाही का म्हणतेस म्हणून थांबणार. तो बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"वाच," तो म्हणाला.

"त्रेसष्टातून अठ्ठावीस," तिने वाचलं, आणि तिचा गाल आत गेला.

"पस्तीस," तो म्हणाला.

गाल होता तिथेच राहिला. तिने वर पाहिलं. त्याने हसून मान हलवली. अगदी सहज, त्याला वाटलं. स्वयंपाकघरात बायकोने कशावर तरी झाकण ठेवलं, मग तिथलाही आवाज बंद झाला.

"बाबा, तू थांबला नाहीस."

"नाही थांबलो. पस्तीस. सोपं आहे. लिही."

तिने पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. मोठी माणसं दुसऱ्या खोलीत हळू बोलायला लागली की मुलं ज्या चेहऱ्याने ऐकतात, तसा तो होता.

"म्हणजे मला येणारच नाही, असं ठरलं का?" तिने विचारलं.

"नाही गं! कुणी सांगितलं? तसं काही नाही," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला, एका श्वासात, आणि म्हणताना तिच्या हातावर हात ठेवायला गेला तर खोडरबर खाली पडलं. ते शोधायला तो टेबलाखाली वाकला. वर आला तेव्हा तिने मान हलवली, मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी. मग चौकोनात एक तीन आणि एक पाच काढला. फार सुबक काढला. तिचं अक्षर पहिल्यापासूनच चांगलं होतं. वही तिने उलटी फिरवून त्याच्यासमोर सरकवली, त्याला वाचता यावी म्हणून, आणि पेन्सिल हातात धरून म्हणाली,

"आता खालचं सांग."

त्याने सांगितलं.